काचेने काय पुसलं?

मित्रमैत्रिणींनो, दुकानाच्या काचेमागे ठेवलेली वस्तू नीट दिसत नसली की तुम्ही काय करता? आधी मान तिरकी करता. मग एक पाऊल डावीकडे, एक पाऊल उजवीकडे. तरी जमलं नाही तर सरळ काचेला नाक चिकटवून डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना तळहात धरता! आता बघा हं, काच तर पारदर्शक आहे. आतली वस्तूही जागच्या जागी आहे. मग मधे आलं कोण? चकाकी! समोरचा रस्ता, वरचं आकाश, तुमचा स्वतःचा चेहरा हे सगळं काचेवर उमटलेलं असतं आणि तेच आतलं झाकून टाकतं.

ही चकाकी काचेपुरती नसते बरं का! ती नदीच्या पाण्यावर असते, ओल्या खडकावर असते, झाडाच्या पानावरसुद्धा असते. रोज बघून आपल्याला तिची सवय झालेली असते, इतकंच. ही चकाकी पुसून टाकणारी एक काच गेल्या ऑक्टोबरात माझ्या हाती आली. तिला म्हणतात पोलरायझिंग फिल्टर. फोटोचं सामान विकणारे दुकानदार तिला नुसतं 'सीपीएल' म्हणतात. दिसायला अगदी साधी: करड्या रंगाची गोल काच, भोवती दोन कड्या. एक कडी कॅमेऱ्याच्या लेन्सवर आट्यांनी बसते. दुसरी कडी काचेसकट गोल फिरते. आणि सगळी जादू त्या फिरण्यातच!

घरी आल्यावर पहिला प्रयोग माझ्या भाचीनेच केला. ती आठवीत आहे. फिल्टरची बाहेरची बाजू चालू लॅपटॉपकडे करून ती त्यातून बघत होती आणि काच हळूहळू फिरवत होती. एकदम ओरडली, "मावशी, लॅपटॉप बंद पडला!" मी बघितलं तर लॅपटॉप मजेत चालू होता. काच पाव फेरा फिरवली आणि तो पुन्हा दिसायला लागला. आणखी पाव फेरा, पुन्हा काळोख!

असं का होतं? एक सोपी कल्पना करू. खिडकीच्या उभ्या गजांमधून एक दोरी ओवली आहे. तिचं एक टोक कुणीतरी पलीकडे धरलंय, दुसरं तुमच्या हातात आहे. दोरी वर-खाली हलवली, तर तिची लाट गजांमधून आरामात पलीकडे जाते. तीच दोरी डावी-उजवीकडे हलवली, तर लाट गजांना आपटून तिथेच संपते. प्रकाशसुद्धा असाच थरथरत येतो. सूर्याचा प्रकाश सगळ्या दिशांनी थरथरतो. पण पाण्यावरून किंवा काचेवरून तिरका परावर्तित झाला की त्याची थरथर बरीचशी एकाच दिशेची होते. फिल्टर म्हणजे गजांची खिडकी. तो असा फिरवायचा, की चकाकीची लाट गजांना आपटेल आणि बाकीचा प्रकाश आत येईल. लॅपटॉपच्या पडद्यातून येणारा प्रकाशही एकाच दिशेने थरथरणारा असतो, म्हणून तो पाव फेऱ्यात गडप झाला.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती एका खिडकीमुळेच. १८०८ साली पॅरिसमध्ये एतिएन-लुई मालुस नावाचा शास्त्रज्ञ कॅल्साइटच्या स्फटिकातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांकडे बघत होता. मावळतीचं ऊन त्या तावदानांवर चमकत होतं. त्याने स्फटिक फिरवला आणि चमक कमी-जास्त व्हायला लागली! पुढे १८१५ साली डेव्हिड ब्रूस्टरने कोणत्या कोनात ही चकाकी सगळ्यात चांगली पुसली जाते, याचा नियम शोधला. आणि १९२९ साली एडविन लँड नावाच्या, जेमतेम विशीत पोचलेल्या अमेरिकन मुलाने असे फिल्टर पातळ पापुद्र्यासारखे बनवण्याच्या युक्तीचं पेटंट मागितलं. आज माझ्या हातातली काच ही त्या पापुद्र्याचीच नातवंडं-पतवंडं!

पण घरात लॅपटॉप विझवून किती वेळ गंमत करणार? फिल्टर निसर्गात नेल्याशिवाय कळत नाही. म्हणून एका रविवारी आम्ही दोघींनी पहाटेची कर्जत लोकल पकडली. ऑक्टोबरात कर्जतला जाण्यासारखं सुख नाही. पाऊस नुकताच उलगडलेला असतो, भात पिवळं होत असतं, आणि ओढ्यांचं पाणी गढूळपणा सोडून नितळ झालेलं असतं. स्टेशनवरून रिक्षाने कोंदिवडे गाठलं. समोर सह्याद्रीची भिंत, आणि तिच्यावर राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन.

सकाळचे नऊ वाजले होते. मी कॅमेरा राजमाचीकडे रोखला आणि फिल्टर फिरवायला लागले. आकाश गडद निळं होईल असं ऐकलं होतं ना! पण एक फेरा झाला, दोन झाले, आकाश आपलं तसंच. फिकट, पांढुरकं. मग मी मागे वळून उत्तरेकडच्या आकाशावर कॅमेरा धरला. फिल्टर फिरवला मात्र, निळा रंग असा काही दाटला, की पांढरे ढग कापसासारखे सुटे दिसायला लागले!

काच तीच, आकाश तेच. फरक कशाचा? सूर्याचा! आकाशाचा निळा प्रकाश सगळीकडून सारख्या शिस्तीत येत नाही. सूर्यापासून काटकोनात जो आकाशाचा पट्टा असतो, तिथला प्रकाश सगळ्यात जास्त एका दिशेने थरथरणारा असतो. हा पट्टा शोधायची एक युक्ती सांगते. अंगठा आणि तर्जनी यांचा काटकोन करा. तर्जनी सूर्याच्या दिशेला करा (सूर्याकडे बघायचं मात्र नाही हं, नुसता हात!) आणि मनगट फिरवा. अंगठा जिथून जिथून फिरेल तिथे फिल्टरचा परिणाम सगळ्यात जास्त. सकाळी राजमाची जवळजवळ सूर्याच्याच बाजूला होती, म्हणून काच हात हलवत परत आली. दुपारी चार वाजता सूर्य पश्चिमेला कलल्यावर मी त्याच किल्ल्याचा फोटो घेतला, तेव्हा त्यामागचं आकाश चांगलं गडद उमटलं. म्हणजे काचेपेक्षा घड्याळ महत्त्वाचं!

तिथून आम्ही उल्हास नदीच्या काठावर उतरलो. हीच नदी पुढे कर्जत, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीकडे जाते. इथे मात्र ती अजून लहान आहे, दगडागोट्यांतून उड्या मारत येते आणि मधेच एखाद्या डोहात थबकते. पाण्यावर आकाश असं चमकत होतं, की जणू स्टीलचं ताट ठेवलंय. मी फिल्टर फिरवला. काय सांगू तुम्हाला! ताट कुणी उचलून नेल्यासारखं झालं. खाली गोटे दिसायला लागले, तळाशी पडलेली पानं दिसली, आणि त्या पानांवरून बोटाएवढ्या माशांची एक रांग सरकत गेली. भाचीने कॅमेरा माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

इथेही एक मर्म आहे. अगदी पायाखालच्या पाण्यावर फिल्टर काही करत नाही आणि लांबच्या पाण्यावरही फारसं करत नाही. ब्रूस्टरचा नियम सांगतो, की पाण्यासाठी नेमका कोन उभ्या रेषेपासून ५३ अंशांचा. म्हणजे तुमचे डोळे पाण्यापासून दीड मीटर उंच असतील, तर साधारण दोन मीटर पुढचं पाणी सगळ्यात छान 'उघडतं'. शाळेतल्या भूमितीचा असा उपयोग होईल, असं मला तरी कधी वाटलं नव्हतं! आणखी एक गंमत. पलीकडच्या काठावर एक बाई ॲल्युमिनियमची पातेली घासत होत्या. त्या पातेल्याची चमक मात्र काच कितीही फिरवली तरी गेली नाही. धातूवरून परावर्तित होणारा प्रकाश पाण्यासारखा शिस्तीत येत नाही, म्हणून या काचेची तिथे मात्रा चालत नाही.

आमची ही सगळी फिरवाफिरवी एक आजोबा मघापासून बघत होते. खांद्यावर जाळं, हातात बांबूची काठी. जवळच्या कातकरी वाडीतले होते. मी त्यांना कॅमेऱ्यातून बघायला दिलं. त्यांनी बघितलं, हसले, आणि म्हणाले, "चांगलंय. पण ताई, इथे ये. इथे उभी राहा नि बघ."

ते मला दहा पावलं वर घेऊन गेले. तिथे पलीकडच्या काठावर एक मोठं, दाट झाड होतं आणि त्याची काळसर सावली पाण्यात पडली होती. त्या काळ्या भागात मी नुसत्या डोळ्यांनी बघितलं, आणि काय आश्चर्य! तळ दिसत होता. मासेही दिसत होते. कसं? अहो, पाण्यात ज्या ठिकाणी चमकतं आकाश उमटतं तिथे चकाकी, आणि जिथे काळोखं झाड उमटतं तिथे चकाकीच नाही. पुसायला काही उरलंच नाही, तर काच हवी कशाला? आजोबांकडे फिल्टर नव्हता, पण कुठे उभं राहायचं ते ठाऊक होतं. माझ्याकडे फिल्टर होता आणि उभं कुठेही राहिले होते!

मग भाचीने विचारलं, "आजोबा, इथे उतरू का? गुडघाभरच तर आहे." आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी काठी पाण्यात उभी घातली. काठी आत गेली, आणखी आत गेली. बाहेर काढून ओल्या खुणेशी भाचीला उभं केलं. खूण तिच्या छातीशी आली होती.

दोस्तांनो, हा भाग जरा थांबून वाचा. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे तळ असतो त्यापेक्षा वर दिसतो. सरळ वरून बघितलं तर चार फूट पाणी तीन फुटांसारखं भासतं, आणि काठावरून तिरकं बघितलं तर त्याहूनही उथळ. फिल्टर चकाकी पुसतो, पण हा भास पुसत नाही. उलट तळ इतका स्वच्छ दाखवतो, की पाय टाकायचा मोह जास्तच होतो. आणि पावसाळ्यात? जुलैत याच नदीचं पाणी चहासारखं लाल असतं. ती माती पाण्याच्या वर नसते, पाण्यातच असते, म्हणून जगातला कुठलाही फिल्टर त्याच्या आत बघू शकत नाही. पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर पोहायला गेलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा वाचाव्या लागतात, आणि प्रशासनाला तिथे बंदीचे आदेश काढावे लागले आहेत. पाण्याची खोली डोळ्यांनी ठरवू नका, कॅमेऱ्याने तर मुळीच नाही. माहीतगार माणसाला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर नाही.

नदीवरून आम्ही कोंडाण्याच्या लेण्यांकडे निघालो. तासाभराची जंगलवाट आहे. वाटेत ओढ्याकाठी करंजाची झाडं होती. त्यांची पानं मुळात तुकतुकीत, त्यात ओढ्याचे तुषार उडून ओली झालेली. कॅमेऱ्यात बघितलं तर निम्मी पानं पांढरी दिसत होती. फिल्टर फिरवला आणि पांढरेपणा गेला, आतला हिरवा रंग असा काही वर आला, की वाटलं झाड नुकतंच रंगवलंय. मी खूश! पण भाची दोन्ही फोटो पडद्यावर मागे-पुढे करत राहिली. मग म्हणाली, "मावशी, पण पान ओलं होतं ना? या फोटोत ते कोरडं दिसतंय. मग हे खोटंच झालं की!"

मी गप्प झाले. मुलीचं म्हणणं खरं होतं. ओलेपणा आपल्याला कळतो तो चकाकीमुळेच. ती सगळीच पुसली तर हिरवा रंग मिळतो, पण पाऊस हरवतो. मग आम्ही काच मधेच, अर्ध्यावर थांबवली. रंगही आला आणि पानाच्या शिरेवर पाण्याची एक बारीक रेघही चमकत राहिली. त्या दिवसातला आमचा सगळ्यात आवडता फोटो तोच.

लेण्यांपाशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी काळ्या कातळात कोरलेली ही लेणी. चैत्याची ती उंच कमान आणि दगडात कोरलेली, पण हुबेहूब लाकडी वाटणारी नक्षी बघून मान दुखेपर्यंत वर बघत राहावंसं वाटतं. इथे मात्र मी पहिलं काम केलं ते फिल्टर काढून डबीत ठेवण्याचं. कारण ही काच फुकट काम करत नाही. येणाऱ्या प्रकाशातला तिसरा-चौथा हिस्साच ती आत सोडते. उन्हात चालतं, पण लेण्याच्या अंधारात जो फोटो एक साठांश सेकंदात निघाला असता, त्याला एक पंधरांश सेकंद लागला असता, आणि तेवढ्यात हात हलून सगळं धूसर. फिल्टर कधी लावायचा हे शिकायला एक दिवस पुरतो. कधी काढायचा, हे शिकायला जास्त वेळ लागतो.

परतताना एक लहानसा धबधबा लागला. ऊन आमच्या पाठीशी होतं आणि तुषारांत इंद्रधनुष्याचा एक तुकडा उभा होता. भाचीने कॅमेरा धरला, काच फिरवली, आणि किंचाळली, "गेलं!" खरंच गेलं होतं. डोळ्यांना दिसत होतं, कॅमेऱ्यात नव्हतं. इंद्रधनुष्याचा प्रकाशही थेंबांच्या आतून परावर्तित होऊन येतो, म्हणून तोही एकाच दिशेने थरथरतो. मोठ्या धनुष्याच्या माथ्यावर ही दिशा आडवी आणि दोन्ही पायांकडे उभी असते, त्यामुळे अख्खं धनुष्य एका वेळी पुसता येत नाही. पण आमच्या समोरचा तुकडा लहान होता, तो पुरता गेला. पाव फेरा उलट फिरवल्यावर तो आला, आणि आधीपेक्षा ठळक! काच जे पुसते ते नेहमी नकोसंच असतं असं नाही, हे त्या तुकड्याने आम्हाला शिकवलं.

गावात परतलो तर एका उभ्या मोटारीच्या काळ्या, चकचकीत टपावर एक चतुर पुन्हा पुन्हा शेपूट टेकवत होता. बिचारा! चतुरासारखे पाणकीटक पाणी ओळखतात ते पाण्यावरून येणाऱ्या याच आडव्या थरथरीच्या प्रकाशावरून. म्हणजे आपण ज्यासाठी काच विकत घेतो, ते त्यांच्या डोळ्यांत जन्मापासून बसवलेलं असतं! पण माणसाने मोटारी आणि गुळगुळीत काचा बनवल्या, त्याही तशाच चमकतात. मग चतुर त्यांना तळं समजून तिथे अंडी घालू बघतात, आणि ती वाया जातात. मधमाश्याही आकाशातल्या या प्रकाशावरून दिशा ओळखतात. हे कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवून दिलं. मधमाश्यांच्या अशाच अभ्यासाबद्दल त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकही मिळालं.

लोकलमध्ये भाचीने विचारलं, "मावशी, या काचेने फोटोशिवाय आणखी काही होतं का?" तेव्हा मी तिला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांची गोष्ट सांगितली. १९२१ साली ते इंग्लंडहून बोटीने भारतात परत येत होते. समुद्र निळा का, याचं तेव्हाचं नावाजलेलं उत्तर होतं, की पाण्यात आकाशाचं प्रतिबिंब दिसतं म्हणून. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. कॅल्साइटच्या स्फटिकापासून बनवलेला, म्हणजे आपल्या फिल्टरचा थोरला भाऊच. त्यांनी तो नेमक्या कोनात धरून समुद्रावरची चकाकी पुसली. आकाशाचं प्रतिबिंब गेलं. पण निळाई? ती तर आणखी खुलली! म्हणजे निळा रंग उसना नव्हता, पाण्याचा स्वतःचा होता. 'नारकुंडा' बोट मुंबई बंदरात असतानाच, २६ सप्टेंबर १९२१ या तारखेने, त्यांनी याबद्दलचं पत्र 'नेचर' या नियतकालिकासाठी लिहिलं. प्रकाश कसा विखुरतो या त्यांच्या शोधाची वाट इथूनच पुढे गेली. २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणाम सापडला आणि १९३० साली नोबेल मिळालं.

मित्रांनो, या काचेने प्रकाशात कणभरही भर घातली नाही. तिने नुसतं काढून घेतलं. काय काढायचं, किती काढायचं, हे ज्याने-त्याने ठरवायचं. आणि तेवढ्यासाठी फिल्टर विकत घ्यायलाच हवा असं नाही. घरात कुणाचा पोलराइज्ड गॉगल असेल तर तो मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरून हळूहळू फिरवा. बादलीतल्या पाण्यावर बघा, ओल्या फरशीवर बघा, झाडाच्या पानावर बघा. फक्त सूर्याकडे रोखू नका, कारण गॉगल असो की फिल्टर, डोळे वाचवण्याइतका कुठलाच गडद नसतो. आणि गॉगलही नसला, तर आजोबांची युक्ती आहेच. पाण्यात झाडाची काळी सावली कुठे पडलीय ते शोधा, काठावर पक्क्या जागी उभे राहा आणि बघा. काय काय दिसलं ते एका वहीत लिहून ठेवा. फोटो निघाला नाही तरी चालेल!